सिगवार्ड बर्नादोत यांच्या कचेरीतला वाडगा: रोस्टीचा मार्गरेथे, वापरून पाहण्याआधी काय माहीत हवं

फेटणं, कालवणं आणि ओतणं या तीन कामांसाठी घरात एकच वाडगा घ्यायचा असेल, तर रोस्टी या डॅनिश कंपनीचा मार्गरेथे वाडगा घ्यावा, आणि तो 3 लीटरचा घ्यावा. एका हाताने भांडं धरून दुसऱ्या हाताने फेटताना जी जी अडचण येते, तिचा विचार या वाडग्याच्या आकारात आधीच झालेला आहे. त्याची एक मर्यादा मात्र पक्की आहे: त्याला उष्णता सोसत नाही. ती मर्यादा पाळली तर वाडगा वर्षानुवर्षं टिकतो. न पाळली तर पैसे वाया जातात आणि अन्नातही नको ते उतरतं.

आधी बर्नादोत या नावाबद्दल थोडं, कारण हा वाडगा सिगवार्ड बर्नादोत यांच्या कचेरीत आखला गेला आणि अनेक जण तो त्या नावामुळेच शोधत येतात. बर्नादोत हे आडनाव फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या पो शहरातलं. जाँ-बातिस्त बर्नादोत तिथे 1763 मध्ये जन्मला, नेपोलियनच्या सैन्यात मार्शल झाला, 1810 मध्ये स्वीडनच्या संसदेने त्याला युवराज म्हणून निवडलं आणि 1818 मध्ये तो स्वीडन आणि नॉर्वेचा राजा झाला. स्वीडनचं राजघराणं आजही त्याच्याच वंशातलं आहे. गादीवर बसणाऱ्याला आडनाव लावायची वेळ सहसा येत नाही. ते लावावं लागलं, ते राजघराण्याबाहेर लग्न करून हक्क गमावलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ‘पांढऱ्या बसगाड्यां’तून छळछावण्यांतले कैदी सोडवून आणणारे, आणि 1948 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ म्हणून काम करत असताना जेरुसलेममध्ये मारले गेलेले फोल्के बर्नादोत हे अशाच एका राजपुत्राचे चिरंजीव. जर्मनीतल्या बोडेनसी सरोवरातलं माइनाऊ बेट फुलवणारे लेनार्ट बर्नादोत यांनी 1932 मध्ये असंच राजपुत्रपद गमावलं.

स्वीडनचे राजपुत्र सिगवार्ड बर्नादोत (1907–2002) यांच्यावर ही वेळ 1934 मध्ये आली. तोवर ते कोपनहेगनच्या जॉर्ज जेन्सन या चांदीकाम करणाऱ्या पेढीसाठी भांड्यांची आखणी करू लागले होते. 1950 मध्ये त्यांनी डॅनिश वास्तुविशारद आक्टन ब्योर्न यांच्यासोबत औद्योगिक आखणीची कचेरी काढली, आणि मार्गरेथे वाडगा याच कचेरीतून आला. प्रत्यक्ष रेखाटनाचं श्रेय बहुतेक ठिकाणी तिथे काम करणाऱ्या तरुण जेकब जेन्सन यांना दिलं जातं. हेच जेन्सन पुढे बँग अँड ओलुफसनच्या ध्वनियंत्रांमुळे जगभर ओळखले गेले. वाडग्याला नाव मिळालं ते डेन्मार्कच्या राजकन्येचं. मार्गरेथे ही सिगवार्ड यांच्या बहिणीची, इंग्रिडची मुलगी, म्हणजे त्यांची सख्खी भाची. पुढे 1972 ते 2024 ती डेन्मार्कची राणी होती.

आता वस्तूकडे. वाडगा मेलामाइनचा आहे. मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड यांची राळ सेल्युलोजच्या भुकटीत मिसळून, साच्यात उष्णता आणि दाब देऊन ती कायमची घट्ट करतात. हे प्लास्टिक पुन्हा वितळत नाही. त्यामुळे वाडगा कडक राहतो, कड वाकत नाही, आणि फेटताना भांडं हातात लवचिकपणे दबतं तसं इथे होत नाही. पॉलिप्रॉपिलीन या साध्या, हलक्या प्लास्टिकच्या वाडग्यात फेटणी आपटली की सगळं भांडं थरथरतं. हा तसा थरथरत नाही. वजन काचेपेक्षा बरंच कमी, पण साध्या प्लास्टिकपेक्षा जास्त, आणि हा जास्तपणा इथे उपयोगाचा आहे. वितळत नसल्याचा तोटाही आहे: टवका उडाला किंवा तडा गेला की दुरुस्ती नाही, आणि नेहमीच्या प्लास्टिकसारखं वितळवून त्याचं दुसरं काही करताही येत नाही.

आकारात तीन गोष्टी महत्त्वाच्या. एका बाजूला ओतायची चोच, तिच्या बरोबर समोर कडेतूनच बाहेर आलेली पकड, आणि बुडाला रबराची गोल कडी. पकड चोचीच्या समोर असल्यामुळे ओतताना मनगट सरळ रेषेत राहतं. पाण्याच्या जगसारखी कानाची मूठ बाजूला असती तर भरलेला वाडगा तिरका झाला की वजन बोटांवर आलं असतं. इथे अंगठा वर, चार बोटं खाली, आणि दुसरा हात बुडाखाली. 3 लीटरचा वाडगा भरलेला असेल तर तो दुसरा हात हवाच. एका हाताने उचलायचा मोह 1.5 लीटरपर्यंतच ठीक.

चोच पातळ मिश्रणासाठी उत्तम आहे. पॅनकेकचं पीठ, अंड्याचं कच्चं मिश्रण, पातळ सॉस हे सगळं एका धारेत पडतं. ओघळ येतो तो दोन कारणांनी. एक, वाडगा काठोकाठ भरलेला असतो आणि तिरका करताच मिश्रण चोचीसोबत दोन्ही बाजूंच्या कडेवरूनही उतरतं. दुसरं, ओतणं हळूहळू थांबवलं जातं. धार बारीक झाली की ती कडेला चिकटून बाहेरून खाली येते. म्हणून दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका, आणि थांबवताना मनगट झटक्यात मागे घ्या. घट्ट केकचं मिश्रण मात्र चोचीने ओतायचं नाही, ते सपाट लवचिक उलथन्याने काढायचं. आतली बाजू अखंड गोलाईची आहे, कोपरा नाही, त्यामुळे बुडाशी कोरडं पीठ अडकून राहत नाही. फेटणी सगळीकडे पोचते हा या वाडग्याचा सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सगळ्यात मोठा गुण.

रबराची कडी हाताच्या विजेच्या फेटणीसोबत काम करताना खरी उपयोगी पडते. वाडगा ओट्यावर फिरत नाही, त्यामुळे मोकळ्या हाताने साखर किंवा तेल थोडं थोडं घालता येतं. पण ही पकड स्वच्छ ओट्यावरच मिळते. ओट्यावर पिठाची पातळ भुकटी पसरली की कडी त्यावरून सरकते. ‘रबर निकामी झालं’ अशी तक्रार असेल तर आधी कडी आणि ओटा ओल्या फडक्याने पुसून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

मापांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण चुकीचं माप घेतलं की चांगला वाडगाही वाईट वाटतो. सांगितलेलं माप काठापर्यंतचं समजा आणि कामाचं माप त्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश धरा. स्वीडनमधल्या नेहमीच्या पॅनकेकचं प्रमाण घ्या: 3 अंडी, अडीच डेसिलीटर (1 डेसिलीटर म्हणजे 100 मिलिलीटर) मैदा, 6 डेसिलीटर दूध, अर्धा चमचा मीठ. हे मिश्रण साधारण 9 डेसिलीटर होतं. 1.5 लीटरच्या वाडग्यात ते मावतं, पण फेटताना उडतं. 2 लीटरमध्ये निवांत होतं. फ्रेंच क्रेपचं, म्हणजे पातळ पॅनकेकचं, पीठ 250 ग्रॅम मैदा, अर्धा लीटर दूध आणि 3-4 अंडी असं करतात, तेही याच मापात बसतं. दोन्हींत गुठळ्या टाळायच्या तर मैद्यात आधी निम्मंच दूध घालून घट्टसर फेटा आणि मग उरलेलं सोडा. गोल बुडाचा फायदा इथे लगेच दिसतो. क्रेपचं पीठ तासभर ठेवायचं असतं. त्यासाठी वेगळं मिळणारं झाकण घेतलेलं बरं.

300 मिलिलीटर क्रीम फेटल्यावर जवळपास दुप्पट होते, पण सुरुवातीला पातळ असताना शिंतोडे उंच उडतात, म्हणून 1.5 ते 2 लीटर. चार अंड्यांचा पांढरा भाग जेमतेम 120 मिलिलीटर असतो आणि फेटून सहा ते आठ पट फुगतो. 2 लीटर योग्य. यीस्टच्या पिठाला 500 ग्रॅम मैद्यामागे 3 लीटर हवेत. डिसेंबरात 13 तारखेच्या लुसिया सणासाठी स्वीडनमध्ये केशराचे पाव करतात, त्यात 5 डेसिलीटर दुधाला साधारण किलोभर मैदा लागतो. ते पीठ दुप्पट फुगू द्यायचं तर 4 लीटरचाच वाडगा हवा. मेलामाइन उष्णतेचं मंद वाहक असल्यामुळे कोमट पीठ त्यात लवकर गार होत नाही आणि चांगलं फुगतं. याच कारणाने क्रीमसाठी वाडगा फ्रीजमध्ये गार करून ठेवण्यात स्टीलइतका फायदा नाही. इथे क्रीमच नीट गार असायला हवी. 500 मिलिलीटर आणि त्याहून लहान वाडगे अंडी फोडायला, मसाले मोजून ठेवायला छान, पण त्यांत फेटायची अपेक्षा ठेवू नका.

उष्णतेचा मुद्दा. हा वाडगा मायक्रोवेव्हमध्ये, ओव्हनमध्ये किंवा उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवायचा नाही. मेलामाइनची भांडी 70 अंश सेल्सियसच्या वर वापरू नयेत, असा जर्मनीच्या केंद्रीय जोखीम मूल्यांकन संस्थेचा सल्ला आहे. तापमान वाढलं, आणि त्यातही पदार्थ आंबट असला, की राळेतून मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड अन्नात उतरण्याचं प्रमाण वाढतं. युरोपीय संघाने मेलामाइनसाठी अन्नाच्या किलोमागे 2.5 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. गार किंवा कोमट कामात चांगला वाडगा या मर्यादेत राहतो. मायक्रोवेव्हमध्ये तसं गृहीत धरू नये. तिथे भांडं स्वतःही तापतं, पृष्ठभागाला फोड येतात आणि तडे जातात.

स्वयंपाकात याचा अर्थ असा. चॉकलेट वाफेवर वितळवायचं असेल तर काच किंवा स्टील घ्या, आणि कोमट झाल्यावर या वाडग्यात ओता. कस्टर्डसाठी उकळतं दूध अंड्यांवर ओततात, ते दुसऱ्या भांड्यात. इटालियन पद्धतीच्या मेरिंगमध्ये, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या गोड फेसात, साखरेचा पाक 118 अंशांच्या आसपास तापलेला असतो, तो यात कधीच नाही. टोमॅटोचा उकळता रस्सा हा तर उष्ण आणि आंबट दोन्ही, म्हणून सर्वांत वाईट. गार सॅलड, मसाल्यात मुरवत ठेवणं, पीठ, क्रीम, लोणी-साखर फेटणं यांसाठी मात्र निर्धास्तपणे वापरा.

दुसरा शत्रू म्हणजे ओरखडे. धातूची फेटणी करड्या रेघा सोडते. त्यातल्या बऱ्याचशा रेघा धातूच्याच असतात आणि खाण्याच्या सोड्याचा ओला लेप बोटाने चोळल्यावर जातात. ज्या जात नाहीत ते खरे ओरखडे, आणि पुढे कॉफी, बीट, केशर यांचे डाग तिथेच धरतात. म्हणून विजेच्या फेटणीचे दांडे बुडाला टेकवू नका, आणि हाताने फेटायला सिलिकॉनचं आवरण असलेली फेटणी घ्या. हातातला ब्लेंडर, ज्याच्या टोकाला पातं असतं, तो या वाडग्यात बुडवू नका. बुडाची चकाकी कायमची जाते. पांढरा भाग फेटायच्या आधी वाडगा आतून व्हिनेगर लावलेल्या कागदाने पुसा. ओरखड्यांत राहिलेली तेलाची पातळ फिल्म फेस धरू देत नाही, आणि मग दोष अंड्यांना दिला जातो.

डिशवॉशरमध्ये वाडगा चालतो. उपडा ठेवला की बुडाच्या कडीच्या आत पाण्याचं तळं साचतं, म्हणून तिरका ठेवा आणि काढल्यावर कडीभोवती पुसून घ्या, नाहीतर तिथे साबणाचा पांढरा थर बसतो. घट्ट डागांसाठी ऑक्सिजनवर आधारलेली डाग काढायची पूड कोमट पाण्यात घालून वाडगा भिजवा. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, ते पृष्ठभागच खातं. तारेची घासणीही नको. एकात एक ठेवताना वाडगे पूर्ण कोरडे हवेत. ओल्या वाडग्यांत वरच्याची रबरी कडी खालच्याला चिकटते.

स्कँडिनेव्हियात जुने मार्गरेथे वाडगे जुन्या वस्तूंच्या दुकानांत सहज मिळतात आणि त्यांचे रंग नव्यांपेक्षा देखणे असतात. घेताना बुडाशी रोस्टीचं नाव उठावात आहे का पाहा, कडेवरून नख फिरवा, आणि वाडगा उजेडासमोर धरून केसासारखे तडे शोधा. चकाकी गेलेला, आतून खडबडीत झालेला वाडगा शोभेला किंवा फळं ठेवायला ठेवा, पीठ मळायला नको. चोचीच्या टोकाला टवका असेल तर तोही सोडा, धार नीट पडणार नाही.

बर्नादोत नावाने जी वस्तू दुकानात सहज दिसते ती म्हणजे जॉर्ज जेन्सनचे काटे-चमचे. 1939 ची ही आखणी, दांड्यावर समांतर उभ्या खाचा, आजही सुंदर दिसते आणि चांदीसोबत स्टीलमध्येही मिळते. रोज वापरायचे असतील तर स्टीलचेच घ्या. चांदी अंड्यातल्या गंधकाने काळी पडते, आणि पॉलिशची पूड खाचांत अडकून पांढरट रेघा दिसतात. ती मऊ दातब्रशने खाचेच्या दिशेने काढावी लागते. याच नावाखाली थर्मास-जगापर्यंत इतरही वस्तू विकल्या जातात. त्या नंतरच्या काळात खाचांची तीच रेषा घेऊन केलेल्या आहेत, म्हणून त्यांचा निवाडा नावावर न करता थर्मास-जगच्या झाकणावर आणि धारेवर करा.

दोन वाडगे घ्यायची सोय असेल तर 3 लीटरच्या जोडीला 1.5 लीटरचा घ्या, मधला 2 लीटरचा वगळला तरी चालतं. रंग गडद घेतला तर डाग लपतात, पण धातूच्या रेघा जास्त उठून दिसतात. पांढऱ्यावर रेघाही दिसतात आणि केशरही. फिकट राखाडी किंवा फिकट हिरवा हा दोन्ही बाजूंनी सोयीचा.