तारा की ट्रे? दोन्ही चालतील म्हटल्यावर काय निवडायचं

ऑर्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलात, एक्स-रे झाले, तोंडाचं स्कॅनही झालं, आणि ‘तुमच्या केसमध्ये दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा’ हे ऐकून घरी परतलात, तर हे तुमच्यासाठी आहे. दोन्ही म्हणजे दातांवर चिकटवायच्या धातूच्या तारा, किंवा काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनर, म्हणजे दातांवर बसणारे प्लास्टिकचे ट्रे. ज्यांना ‘तुम्हाला ताराच लागतील’ असं स्पष्ट सांगितलंय त्यांचा प्रश्न सुटलेलाच आहे. त्यांनी दुखण्याचा भाग तेवढा वाचावा.

मी तिशी उलटल्यावर तारा लावल्या. त्याच सुमारास माझ्या ताईने अलाइनर घेतले. त्यामुळे तिचे हाल आणि माझे हाल शेजारीशेजारी बघता आले. माझ्या अनुभवाची पुंजी एवढीच. प्रत्येकाचा जबडा वेगळा, सहनशक्ती वेगळी, तेव्हा मी म्हणतो तसंच तुमचं होईल असं नाही.

आधी जिथे फारसा फरक नाही ते उरकून टाकू. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटरच्या आसपास. दातावर सतत हलका दाब ठेवला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड भरतं. हे काम शरीर आपल्या गतीने करतं, महिन्याला साधारण १ मिलिमीटर. दाब तारेचा आहे की प्लास्टिकचा, हाडाला त्याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून ‘सहा महिन्यांत काम’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर जरा जपून. दातांची गर्दी थोडीच असेल तर ते होऊही शकतं, पण भरल्या तोंडाच्या पूर्ण उपचाराला एक ते अडीच वर्षं धरून चाला. तार ज्यात बसते ते दातावर चिकटवलेले छोटे तुकडे म्हणजे ब्रॅकेट. रबराशिवाय तार धरणारे सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेटही ‘लवकर होतं’ म्हणून पुढे केले जातात. अभ्यासांमध्ये वेळेचा म्हणण्यासारखा फायदा दिसलेला नाही.

दुखण्याचंही तसंच. तारा लावल्या त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही, आणि मी उगाच हुशारी मारत फिरलो. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं. साधारण २४ तासांनी ते टोकाला जातं आणि आठवड्याभरात ओसरतं. त्या दिवसांत समोरच्या दातांनी काही तोडायची सोयच नसते. मऊ घासही मागच्या दाढांकडे ढकलावा लागतो, आणि दात किंचित हलतात असं जाणवतं. घाबरू नका, ते हलवायलाच तर गेला होतात. नंतर दर चार ते आठ आठवड्यांनी तार बदलली किंवा घट्ट केली की त्याची छोटी आवृत्ती दोन-तीन दिवस चालते. ताईचं दुखणं विखुरलेलं होतं: दर एक-दोन आठवड्यांनी नवा ट्रे, आणि प्रत्येक ट्रेचा पहिला दिवस-दीड दिवस आवळल्याची जाणीव. एकूण तिला माझ्यापेक्षा कमी सोसावं लागलं असं मला वाटतं. गोळी घ्यायची वेळ आली तर कुठली घ्यायची ते डॉक्टरांनाच विचारा. बरेच जण पॅरासिटामॉल सुचवतात, कारण आयबुप्रोफेनसारखी औषधं दात सरकण्याच्या प्रक्रियेतच थोडी लुडबुड करू शकतात.

आता दिसण्याबद्दल. मोठी माणसं अलाइनरकडे वळतात ती बहुतेक याच कारणाने, आणि त्यात वावगं काही नाही. धातूच्या तारा दिसतात. पण आठवडा-दोन आठवड्यांत ओळखीच्या लोकांच्या नजरेतून त्या उतरतात, फोटोत मात्र राहतात. दुसरीकडे ‘पारदर्शक’ हा शब्द थोडा सैल हाताने वापरला जातो. ट्रेला दात पकडता यावा म्हणून अनेक दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात. त्यांना अटॅचमेंट म्हणतात. ताईच्या सुळ्यांवर आणि उपदाढांवर ते होते. ट्रे काढल्यावर जिभेला खरखरीत लागायचे, आणि जवळून बोलताना समजायचंही. तरी तारांइतकं ते दिसत नाही, हे मान्य.

सिरॅमिकच्या ब्रॅकेटचा मधला मार्ग आहे. ते धातूपेक्षा थोडे जाडसर, ठिसूळ, आणि त्यांच्याभोवतीची पारदर्शक रबरं चहा-कॉफीने पिवळी पडतात. शिवाय सिरॅमिक दाताच्या एनॅमलपेक्षा कठीण असतं. चावताना वरचे दात खालच्या ब्रॅकेटवर आपटत असतील तर वरचे झिजतात. म्हणून कित्येक डॉक्टर खालच्या दातांना ते लावायला नाखूश असतात. आतून, जिभेच्या बाजूने लावायच्या तारांच्या वाटेला मी गेलो नाही, त्यामुळे त्यावर गप्प बसतो.

तारांच्या बाजूने आहे म्हणून त्यांची पापं झाकणार नाही. पहिले काही आठवडे गाल आणि ओठ ब्रॅकेटवर घासून सोलतात. डॉक्टर मेणाची छोटी डबी देतात. बोटांत मळून, ब्रॅकेट टिश्यूने कोरडं करून मग लावायचं. ओल्यावर लावलं तर पहिल्याच घोटाबरोबर पोटात जातं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं. हळूहळू गालाची आतली कातडी राठ होते आणि हा विषय संपतो.

संपत नाही तो मागच्या टोकाचा. सुरुवातीची तार निकेल-टायटॅनियमची असते. हा मिश्रधातू कितीही वाकवला तरी मूळ आकारात परतायला बघतो, आणि त्याच ओढीने दात रांगेत येतात. पण दात सरळ होत गेले की तारेचा वाकडा रस्ताही सरळ होतो, आणि वाचलेली लांबी शेवटच्या दाढेच्या मागून बाहेर येते. मिलिमीटरभरच, पण जांभई दिली की ती गालात घुसते. मी एकदा शनिवारी संध्याकाळी हे भोगलं. सोमवारपर्यंत मेणाचा गोळा आणि एका बाजूने जेवण. डॉक्टरांनी पक्कडीने टोक कापलं आणि अर्ध्या मिनिटात मोकळं केलं. निकेलची अ‍ॅलर्जी असेल, नकली दागिन्यांनी अंगावर पुरळ उठत असेल, तर तारा लावायच्या आधी सांगा.

स्वच्छतेतही तारा सरळसरळ मागे आहेत. ब्रॅकेटच्या कडेने अन्न अडकतं. तारेखालून फ्लॉस ओवायला वेगळी सुई लागते आणि दातांमधल्या फटींचा छोटा ब्रश खिशातच ठेवावा लागतो. रात्री ब्रश करायला खरंच वेळ लागतो. आळस केला तर तारा निघाल्यावर ब्रॅकेटभोवतीच्या जागी खडूसारखे पांढरे डाग उमटलेले दिसतात. ती किडीची पहिली पायरी, आणि ते डाग पूर्ण जातातच असं नाही. ज्यांच्या हिरड्या आधीच सुजतात, किंवा ज्यांना ब्रशचा मनापासून कंटाळा आहे, त्यांच्यासाठी हा मुद्दा माझ्या पुढच्या सगळ्या तक्रारीपेक्षा मोठा ठरू शकतो.

तर ती तक्रार.

अलाइनर दिवसाला २० ते २२ तास तोंडात हवा. ऐकायला सोपं आहे, काढता येतो हे तर त्याचं कौतुकच. पण उलट बाजूने मोजा: दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा-कॉफी आणि प्रत्येक वेळचं ब्रश, सगळं मिळून दोन-चार तासांत बसवायचं. ट्रे घालून साधं पाणी तेवढं पिता येतं. गरम पेयाने प्लास्टिकचा आकार बिघडू शकतो, आणि साखर घातलेलं काही प्यायलात तर ते ट्रे आणि दात यांच्यामध्ये साठून राहतं, कारण तिथे लाळ धुवायला पोचत नाही.

ताई चहा घोट-घोट करत तासभर पिणारी. तिचं काय झालं ते मी रोज पाहिलं. कप आला की ती आधी डबी शोधायची. मग मान वळवून, नखाने दाढेच्या आतल्या बाजूला ट्रे उचकटायची. अटॅचमेंटमुळे तो सहजी सुटत नाही, सुटला की लाळेची तार ओढत येतो. तो डबीत, डबी पर्समध्ये, मग चहा. चहा संपला की बेसिन गाठायचं, चूळ, जमलं तर ब्रश, ट्रे धुवायचा, बसवायचा, आणि तो नीट टेकावा म्हणून चघळायची रबरी नळी दाताखाली मिनिटभर दाबायची. हे एका कपासाठी. दोन महिन्यांत तिने बाहेर चहा पिणंच सोडलं. ती म्हणते त्यात तिचा फायदाच झाला, येता-जाता तोंडात काहीतरी टाकायची सवय गेली. असेलही. मला मात्र तिचं सतत घड्याळ बघणं दिसायचं. गप्पा रंगल्या की तिचा हात डबीकडे जायचा. एकदा जेवणाच्या टेबलावर डबी सापडेना म्हणून ट्रे टिश्यूत गुंडाळून ठेवला आणि तो टिश्यू ताटाबरोबर कचऱ्यात गेला. डॉक्टर म्हणाले, हे सगळ्यांकडूनच होतं.

तास भरले नाहीत तर शिक्षा लगेच होत नाही, आणि खरी मेख तिथे आहे. चार दिवस कमी घातला तरी आरशात काही कळत नाही. पुढचा ट्रे घालायला गेल्यावर कळतं. एखाद्या दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यात फट राहते, म्हणजे तो दात मागे राहिलाय. मग जुनाच ट्रे जास्त दिवस घाला, किंवा पुन्हा स्कॅन करून पुढची नवी मालिका मागवा. याला रिफाइनमेंट म्हणतात. तास पाळणाऱ्यांनाही ती लागते. अलाइनरमध्ये सगळा प्रवास आधीच संगणकावर ठरलेला असतो, एकेका ट्रेमागे दात साधारण पाव मिलिमीटर सरकेल असा हिशेब करून. गोल आकाराचा सुळा फिरवायचा असेल किंवा एखादा दात हिरडीतून थोडा बाहेर आणायचा असेल तर दात तो हिशेब नेहमी मानतोच असं नाही. तारेत डॉक्टर दर भेटीत समोरचं तोंड बघून हात फिरवतात. ब्रॅकेटच्या आयताकृती खाचेत तार बसवून मुळापर्यंत ताबा मिळवायची युक्ती एडवर्ड अँगल यांनी १९२०च्या दशकात काढली, आणि आजचे ब्रॅकेट तिच्याच वंशातले आहेत. अलाइनरला रूढ करणारी इनव्हिझलाइनची कंपनी १९९७ची. जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही, पण अवघड केसमध्ये, विशेषतः उपदाढा काढून ती जागा भरायची असते तेव्हा, बरेच ऑर्थोडॉन्टिस्ट आजही तारेकडे झुकतात ते उगाच नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी विसराळू आहे आणि ते मला माहीत होतं. तारा तोंडात आहेत तोवर मी विसरलो तरी काम चालू राहतं. झोपलो, जेवत बसलो, आजारी पडलो, तार ओढतच असते. गालात टोक घुसलं तेव्हा त्रास झाला, पण तो त्रास आला आणि गेला. ताईचा त्रास रोज नव्याने यायचा. तारा निघाल्यावर पहिले काही महिने मला पारदर्शक रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर टिकवणारा ट्रे, दिवसभर घालायला सांगितला होता, तेव्हा या काढघालीची थोडी चव मीही घेतली. माझी निवड मला तेव्हा जास्तच पटली.

यात एक फट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वरचा आणि खालचा जबडा जुळवायचा असेल तर तारांबरोबर छोटी रबरं घालायला देतात, वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत. ती आपली आपण बदलायची असतात आणि जवळजवळ दिवसभर ठेवायची असतात. तिथे विसराळूपणाला माफी नाही. माझी ती रबरं काही महिन्यांत संपली, कुणाची वर्षभर चालतात. तुमच्या योजनेत ती बराच काळ असतील, तर तारांचा हा फायदा तेवढ्याने कमी धरा.

अलाइनर मी कुणाला सुचवीन? ज्यांच्या दातांत थोडीशीच गर्दी किंवा फटी आहेत. जे ठरलेल्या वेळी जेवतात आणि मधे काही खात नाहीत. ज्यांना दर महिन्या-दीड महिन्याला दवाखान्यात जाणं जमत नाही, कारण डॉक्टर कित्येक ट्रे एकदम देऊ शकतात. जे बासरी, सॅक्सोफोन असं काही वाजवतात. बाकीच्यांना, विशेषतः मधूनमधून काही ना काही तोंडात टाकणाऱ्यांना, मी तारांकडेच हळूच ढकलीन. एक ते अडीच वर्षं तारा दिसतील, तेवढं सोसा.

रिटेनर दोन्हीकडे लागतोच. दात नव्या जागी आले तरी हिरड्यांतले ताणलेले तंतू त्यांना जुन्या जागी ओढत राहतात, आणि त्यांना नव्याची सवय व्हायला वर्षाच्या आसपास लागतं. बहुतेक डॉक्टर पुढेही रात्रीचा रिटेनर चालू ठेवायला सांगतात, कारण वयाबरोबर दात थोडे सरकतच राहतात. माझ्या खालच्या दातांना आतून बारीक तार कायमची चिकटवली आहे. ती काढता येत नाही, म्हणून मला आवडते.

तरीही ट्रेच घ्यायचे ठरले, तर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या: पुढच्या दातांवर अटॅचमेंट किती येणार, रिफाइनमेंटचे ट्रे ठरलेल्या फीमध्ये धरलेत का आणि किती वेळा, ट्रे हरवला तर पुढचा घालायचा की मागचा, आणि शेवटचे काही महिने गरज पडल्यास तारा लावायची तयारी ठेवावी लागेल का. या शेवटच्या प्रश्नावर डॉक्टर ‘हो, कदाचित’ म्हणाले, तर मी असतो तर सुरुवातच तारांनी केली असती.