आरएसव्ही: लस आईला की इंजेक्शन बाळाला?

आरएसव्ही म्हणजे थंडीच्या हंगामात पसरणारा, तान्ह्यांच्या श्वासावर बेतणारा विषाणू. न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीला गरोदरपणाचा तेहतिसावा आठवडा लागलाय. तिचा रात्री फोन आला, "मावशी, आरएसव्हीसाठी मी लस घेऊ की बाळाला इंजेक्शन देऊ?"

अब्रिस्व्हो ही लस आईला. अमेरिकेत ती ३२ ते ३६ आठवड्यांत, सप्टेंबर ते जानेवारी या काळात देतात. आईच्या अंगात अँटीबॉडी तयार होऊन वारेतून बाळाकडे जातात, त्याला किमान १४ दिवस लागतात. बाळ त्याआधीच आलं, तर भरवसा नाही.

निर्सेव्हिमॅब थेट बाळाच्या मांडीत. ही लस नव्हे, तयार अँटीबॉडीच. त्यामुळे वाट पाहणं नाही. वजन ५ किलोच्या आत असेल तर ५० मिलिग्रॅम. इवल्याशा मांडीत सुई बघवत नाही, खरंय. पण दूध ओढताना धापा टाकणारं, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडणारं तान्हं मी पाहिलंय. ते त्याहून बघवत नाही.

संरक्षण दोन्हींचं साधारण एका हंगामापुरतं. खर्चाचं विमा कंपनीला आधीच विचारावं. बहुतेक बाळांना दोन्हींची गरज नसते.

दिवस भरत आलेत, हिवाळा तोंडावर आहे आणि बाळाला टोचणं टाळायचंय, तर डॉक्टरांशी बोलून आईची लस. बाळ लवकर येण्याची चिन्हं असतील किंवा लस राहून गेली असेल, तर निर्सेव्हिमॅबच. भाचीला मी लस सुचवली, याच आठवड्यात.