गंगापूर रोडची एक अभ्यासिका : जागेचे भाडे आणि शिस्तीचा हिशोब

नाशिकमध्ये कॉलेज रोड आणि गंगापूर रोड यांच्या मधल्या गल्ल्यांमध्ये अभ्यासिकांच्या पाट्या जागोजागी दिसतात आणि बहुतेक पाट्यांवर त्याच तीन गोष्टी ठळक अक्षरांत असतात: वातानुकूलित हॉल, मोफत वायफाय आणि चोवीस तास प्रवेश. जागा शोधणारा विद्यार्थीही मग याच तीन गोष्टींची तुलना करतो आणि जिथे दोनशे रुपये कमी पडतील तिथे पैसे भरून मोकळा होतो. मी ज्या अभ्यासिकेबद्दल लिहीत आहे तिथे या तिन्ही सोयी आहेत. परंतु तिथे बसणाऱ्याच्या अभ्यासात जो फरक पडतो तो या सोयींमुळे पडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे अभ्यासिकेचे नाव देत नाही. या भागातल्या कोणत्याही अभ्यासिकेत पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे, हे यातून कळले तरी पुरे.

मी सातपूरला पहिल्या पाळीत काम करतो आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त गट ब परीक्षेची तयारी करतो. दुपारी सुटल्यानंतर घरी जाऊन, हातपाय धुऊन, दोन घास खाऊन उरतात ते संध्याकाळचे चार-साडेचार तास. पूर्वपरीक्षेत एका तासात शंभर प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद मिळतात, आणि चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो. अशा परीक्षेसाठी ज्याच्याकडे दिवसाचे बारा तास आहेत त्याला अभ्यासिकेकडून जे हवे असते, त्याहून वेगळे काही माझ्यासारख्याला हवे असते. त्यामुळे हे परीक्षण नोकरी करणाऱ्याच्या नजरेतून लिहिले आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

अभ्यासिकेची सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे प्रवेशद्वाराशी ठेवलेले फोनचे लाकडी कपाट. त्याला छोटे छोटे कप्पे आहेत, प्रत्येक कप्प्याला क्रमांक आहे आणि फोन ठेवला की त्याच क्रमांकाचा पितळी बिल्ला हातात मिळतो. टेबलामागे बसणारे काका कोणाशी वाद घालत नाहीत. नुसता हात पुढे करून "दादा, फोन" एवढेच म्हणतात. सुरुवातीला पुष्कळ जण "सायलेंटवर ठेवतो ना काका" असे म्हणून पाहतात, पण काकांचा हात मागे जात नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात झालेले आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन यासंदर्भात नेहमी सांगितले जाते: ज्यांचा फोन दुसऱ्या खोलीत होता त्यांनी लक्ष लावण्याच्या चाचण्या फोन टेबलावर ठेवून बसलेल्यांपेक्षा चांगल्या सोडवल्या, जरी फोन वाजत नव्हता तरी. नंतरच्या काही प्रयोगांत हा फरक आढळला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. परंतु इथला फायदा त्या वादावर अवलंबून नाही. फोन हवा असेल तर जागेवरून उठावे लागते, बिल्ला द्यावा लागतो आणि काकांच्या नजरेला नजर द्यावी लागते; एवढ्या तीन पायऱ्यांमुळे उगाच फोन पाहण्याची इच्छा निम्म्या वाटेतच विरते. ज्या अभ्यासिकांमध्ये "फोन वापरू नये" अशी नुसती सूचना भिंतीवर चिकटवलेली असते, तिथे ती सूचना कोणी वाचतही नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. वहीच्या पानाच्या पाव आकाराची ही छापील चिठ्ठी जागेवर जाण्यापूर्वी भरावी लागते. तिच्यावर तीन ओळी आहेत: आज काय, कुठून कुठपर्यंत, आणि पुस्तक मिटून काय आठवले. पहिल्या दोन ओळी बसण्याआधी भरायच्या, तिसरी निघताना. नव्याने आलेला एक मुलगा माझ्यासमोर "राज्यघटना" एवढेच लिहून पुढे निघाला होता. काकांनी चिठ्ठी परत दिली आणि विचारले, "सगळी राज्यघटना आजच का दादा? कलमं लिहा." त्याने थोडे थांबून "कलम १४ ते १८, समानतेचा हक्क" असे लिहिले. वरवर पाहता ही बाब किरकोळ वाटते. परंतु जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९० च्या दशकात केलेल्या कामाचा रोख नेमका हाच आहे: "मी अभ्यास करीन" या नुसत्या संकल्पापेक्षा केव्हा, कुठे आणि नेमके काय करणार हे आधी ठरवलेले असेल तर ते काम हातून पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. थकून आलेल्या माणसाला संध्याकाळी पाच वाजता खुर्चीत बसल्यावर कोणता विषय घ्यायचा हे ठरवावे लागले, की त्यातच अर्धा तास जातो आणि अखेरीस चालू घडामोडींचे मासिक उघडले जाते, कारण ते सर्वांत सोपे असते. चिठ्ठीमुळे हा निर्णय दारातच होतो.

राखीव जागा घेतली तर टेबलाच्या वर एक कप्पा मिळतो आणि तो मुद्दाम लहान केलेला आहे, असे अभ्यासिका चालवणाऱ्या सरांनी एकदा सांगितले. त्यात जेमतेम सात-आठ पुस्तके, दोन वह्या आणि पाण्याची बाटली बसते. टेबलाखाली किंवा खिडकीत पुस्तके रचून ठेवण्यास मनाई आहे. एका विषयाची तीन तीन पुस्तके घेऊन त्यांतले एकही धड पूर्ण न करणे हा आपल्याकडच्या तयारीतला जुना रोग आहे, आणि प्रत्येक नवीन टॉपरची मुलाखत पाहिली की पुस्तकांच्या ढिगाऱ्यात आणखी एकाची भर पडते. इथे नवे पुस्तक आणायचे तर जुने घरी न्यावे लागते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, सुरगाण्याहून येऊन इथे खोली करून राहणाऱ्या मुलाने या नियमाला कंटाळून बालभारतीची पुस्तके आणि प्रत्येक विषयाचे एकच संदर्भपुस्तक ठेवले, आणि तेच बरे झाले असे तो आता स्वतः सांगतो.

आता तक्रारींकडे वळतो. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार तासांच्या फळ्याची आहे. जिन्याजवळ एक पांढरा फळा आहे आणि त्यावर महिन्यात सर्वाधिक तास हजर राहिलेल्या दहा जणांची नावे लिहिली जातात. पहिल्या तिघांना पुढच्या महिन्याच्या शुल्कात सवलत मिळते. हजेरी यंत्रावर बोट ठेवून होते आणि यंत्राला आत गेल्याची व बाहेर आल्याची वेळ तेवढी कळते. परिणामी दुपारी दोन ते चार या वेळेत टेबलावर डोके टेकवून झोपलेल्यांचे तासही त्या फळ्यावर चढतात. ज्या अभ्यासिकेने चिठ्ठीवर "पुस्तक मिटून काय आठवले" ही इतकी शहाणी ओळ छापली, तिनेच बक्षीस मात्र बसण्याला द्यावे, हे मला पटत नाही. त्या तिसऱ्या ओळीकडे कोणी पाहतही नाही. काका निघताना चिठ्ठी घेऊन तारेत अडकवतात आणि बहुतेकांच्या चिठ्ठीवर ती ओळ कोरी असते किंवा "छान आठवले" असा शेरा असतो.

वास्तविक सगळा जीव त्याच ओळीत आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला आणि काहींना एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुन्हा वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि म्हणून आपल्याला येते असा भास होतो, तो परीक्षेच्या हॉलमध्ये चार जवळजवळ सारख्या पर्यायांपुढे गळून पडतो. मी स्वतः चिठ्ठीची मागची बाजू वापरतो: निघण्यापूर्वीची वीस मिनिटे पुस्तक कप्प्यात ठेवून जे आठवेल ते मुद्द्यांत लिहितो, जे सुटले ते दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या ओळीत जाते. ही पद्धत सरांना सुचवून पाहिली. "सगळ्यांना जमणार नाही" असे उत्तर मिळाले. फळा पुसून त्याऐवजी रविवारच्या सराव परीक्षेतील गुणांची वाढ लिहिली तरी पुष्कळ फरक पडेल.

ही रविवारची सराव परीक्षा चांगली आहे. सकाळी बरोबर नऊला दार बंद होते, शंभर प्रश्न, एक तास, खऱ्या परीक्षेसारखी उत्तरपत्रिका आणि काळे बॉलपेन. नंतरच्या चर्चेत मात्र घाई होते. चुकलेला प्रश्न माहिती नसल्यामुळे चुकला, वाचण्यात घोटाळा झाला की वेळ संपला, ही वर्गवारी करून घेण्याइतका वेळ दिला जात नाही. ती ज्याची त्याने घरी करावी.

दुसरी तक्रार चोवीस तासांची. रात्रीचा हॉल खरोखर रात्रभर उघडा असतो, शुल्क कमी आहे आणि त्यामुळे तिथे गर्दी असते. परंतु शिकल्यानंतर झोप मिळाली तर विसरण्याचे प्रमाण कमी राहते, हे जेंकिन्स आणि डॅलेनबाख यांनी १९२४ मध्येच दाखवले होते, आणि पूर्वपरीक्षा काही रात्री दोन वाजता होत नाही. दिवसा कामावर जाणाऱ्याने तरी रात्रीच्या हॉलच्या स्वस्ताईला भुलू नये.

तिसरी गोष्ट अभ्यासिकेच्या हातात नाही, पण सांगणे भाग आहे. खाली चहाची टपरी आहे आणि चहा उत्तम आहे. तिथे आयोगाची तारीख पुढे ढकलणार का, अमुक भरतीला न्यायालयात स्थगिती मिळाली का, यंदा कटऑफ किती लागेल, यांवर संध्याकाळी सहा ते सात जे संमेलन भरते त्यातून बाहेर पडणे भल्याभल्यांना जमत नाही. दहा मिनिटांसाठी उतरलेला माणूस पाऊण तासाने वर येतो आणि आल्यावरही डोक्यात कटऑफच घोळत असतो. मी चहाचा थर्मास घरून आणतो आणि गच्चीवर पितो. गच्चीवर मोठ्याने बोलून पाठ करण्यास परवानगी आहे, ही आणखी एक जमेची बाजू. हॉलमध्ये अर्थातच कुजबुजही चालत नाही.

बाकी सोयींबद्दल थोडक्यात. खुर्च्या साध्या पण पाठीला आधार देणाऱ्या आहेत, प्रत्येक टेबलाला स्वतंत्र दिवा आणि प्लग आहे, वीज गेली तर इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, एसी चालत नाही. पिण्याचे पाणी स्वच्छ. मुलींसाठी वेगळा हॉल असून त्यांचे स्वच्छतागृह नीट राखलेले आहे. मुलांच्या स्वच्छतागृहाबद्दल तसे म्हणता येत नाही. दुचाकी लावायला जागा अपुरी आहे. गणेशोत्सवाच्या आधीचे काही आठवडे जवळच्या मैदानावर संध्याकाळी ढोलपथकाचा सराव चालतो आणि नाशिक ढोलापुढे खिडकीची काच काहीच करू शकत नाही. त्या काळात मी त्या वेळेला गणित आणि बुद्धिमत्तेचे प्रश्न घेतो, वाचन नंतर.

राखीव जागेसाठी महिना चौदाशे रुपये आणि बिनराखीव जागेसाठी हजार रुपये पडतात, त्याशिवाय पाचशे रुपये अनामत. चारशे रुपयांचा हा फरक मला योग्य वाटतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात एखादी साधी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ दिवस पुरले तर कोणासाठी हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि ही सवय रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडलेली होती. रोज तीच खुर्ची, तोच दिवा, तोच कप्पा मिळत असेल तर असा प्रसंग आयता मिळतो. बिनराखीव जागेत रोज दहा मिनिटे मोकळे टेबल शोधण्यात जातात आणि पुस्तके पाठीवर वाहावी लागतात. याच अभ्यासातील आणखी एक निष्कर्ष अभ्यासिकेने वाचायला हवा: मध्येच एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. इथे मात्र सलग तीन दिवस न आल्यास राखीव जागा दुसऱ्याला दिली जाते. ज्यांची पाळी बदलते किंवा ज्यांना शेतीच्या कामासाठी निफाड-दिंडोरीला घरी जावे लागते, त्यांच्यावर हा नियम अन्याय करतो. आधी लेखी कळवले तर सर ऐकतात, हा माझा अनुभव आहे. तोंडी सांगितलेले मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही.

ज्याच्या घरी शांत खोली आहे आणि फोन आईकडे देण्याइतका मोकळेपणा आहे, त्याने हे पैसे वाचवावेत. फक्त वाचायला शांत जागा हवी असेल तर १८४० पासून चालू असलेले आपले सार्वजनिक वाचनालय आहे, महापालिकेच्या अभ्यासिका आहेत, तिथे खर्च नगण्य. एक खोली चौघांत करून राहणारे आणि कामावरून थकून येणारे यांच्यासाठी मात्र इथली राखीव जागा मी निःसंकोच सुचवीन. चौकशीला सकाळी जाऊ नये, कारण सकाळी सगळ्याच अभ्यासिका शांत असतात. संध्याकाळी सहानंतर जावे, हॉलच्या दारात पाच मिनिटे उभे राहावे, किती टेबलांवर फोन दिसतो ते मोजावे, आणि अनामत रकमेची पावती सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.