पाथलिब आठ महिने वापरल्यावर: फाइल पाथची कटकट कुठे संपली, कुठे उरली

आमचं काम जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅनिंगचं, दादरला दोन खोल्यांचं ऑफिस. प्रत्येक पानाची फाइल कुठे आहे ते एका सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या यादीच्या फाइलीत, लिहिलेलं असतं. आधी आम्ही पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, लिहायचो, ई ड्राइव्हपासून. मी डिस्क डोंबिवलीला घरी नेली की तीच डिस्क एफ म्हणून लागायची आणि एकही पान उघडायचं नाही, मग फाइंड-रिप्लेस, सोमवारी ऑफिसात परत उलटं. एकदा अर्ध्या ओळी ई आणि अर्ध्या एफ अशाच राहिल्या, मुद्रितं तपासणाऱ्या काकूंचा फोन, "अरे, १९६५ चा अंक गेला कुठे?" त्या दिवशी सगळं पाथलिबवर, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या फाइल पाथ हाताळणाऱ्या मोड्यूलवर, आणलं.

पाथलिब २०१४ मध्ये पायथन ३.४ सोबत आलं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. आता सीएसव्हीत फक्त मूळ फोल्डरपासून पुढचा पाथ असतो आणि फाइल उघडायच्या क्षणीच त्याला पुढे मूळ फोल्डर जोडून पूर्ण करतो. लिहिताना अॅज_पॉझिक्स लावतो म्हणजे बॅकस्लॅशच्या जागी साधा स्लॅश जातो, त्यामुळे तीच सीएसव्ही मॅकवरही चालते.

खरा घोळ वेगळाच असतो. असा अर्धा पाथ म्हणजे रिलेटिव्ह, पण नक्की कशापासून? पायथन धरतं चालू फोल्डर, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू झाला ते, स्क्रिप्ट जिथे ठेवलीय ते नाही. हाताने चालवली तेव्हा सगळं नीट, पण रात्री टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) लावली तर एकही फाइल सापडेना, कारण तिथे 'स्टार्ट इन' रिकामं ठेवलं की चालू फोल्डर विंडोजचं सिस्टम३२ होतं! दोन रात्री गेल्या यात. आता स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तिच्या स्वतःच्या फाइलचा पाथ रिझॉल्व्ह करून, म्हणजे पूर्ण खरा पाथ काढून, त्याचा पेरेंट, म्हणजे ती ज्यात आहे ते फोल्डर, घेतो, आणि पुढचं सगळं त्यावरून.

अॅब्सोल्यूट आणि रिझॉल्व्ह एकच समजू नका. अॅब्सोल्यूट नुसता पुढे चालू फोल्डर जोडतो, मधली दोन टिंबं (एक फोल्डर वर जायची खूण) तशीच ठेवतो. रिझॉल्व्ह ती काढतो आणि सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी फाइल) असेल तर खऱ्या जागेपर्यंत जातो. ऑफिसच्या सर्व्हरचा झेड ड्राइव्ह रिझॉल्व्ह केला की सर्व्हरच्या नावाचा पाथ येतो, मग एका बाजूला झेड आणि दुसऱ्या बाजूला सर्व्हर, दिलेल्या फोल्डरपासूनचा रिलेटिव्ह पाथ काढणारा रिलेटिव्ह_टू सरळ व्हॅल्यूएरर देतो. करायचं तर दोन्ही पाथ रिझॉल्व्ह करा, नाहीतर एकही नको.

रिलेटिव्ह_टू मला अजून एका गोष्टीसाठी खटकायचा, फाइल त्या फोल्डरच्या आत नसेल तर तो वर चढून जायचाच नाही, त्यासाठी जुन्या ओएस मोड्यूलमधला रेलपाथच वापरावा लागायचा. पायथन ३.१२ मध्ये रिलेटिव्ह_टूला वर चढू देणारा वॉक_अप हा पर्याय आला, आता मुखपृष्ठांचं शेजारचं फोल्डरही धरता येतं. ड्राइव्हच वेगळा असेल तर मात्र दोघंही एरर देतात, आणि ते बरोबरच आहे, ई वरून एफ कडे जायला रिलेटिव्ह वाट नसतेच.

अजून एक, जोडताना दुसरा तुकडा स्लॅशने सुरू झाला तर पहिलं फोल्डर गुपचूप गळतं, एररसुद्धा येत नाही. आमच्या सीएसव्हीत अशा चाळीसेक ओळी निघाल्या, सगळ्या हाताने टाइप केलेल्या. त्या मी काकूंना शेजारी बसवून एकेक दुरुस्त केल्या, १९६५ चा अंक धरून.