सर्ज प्रोटेक्टर की पॉवर कंडिशनर?
होम थिएटरसाठी यातलं काय घ्यावं, या पेचात असाल तर आधी संरक्षण पाहा. सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर व्होल्टेजचा क्षणिक झटका अर्थिंगकडे वळवतो, म्हणून अर्थिंग नीट हवंच. झटके खाऊन तो झिजतो. संरक्षणाचा दिवा विझला की बदलायचाच. कंडिशनरमध्येही बहुधा हाच भाग असतो, जोडीला लाइनमधला गोंगाट गाळणारा फिल्टर. व्होल्टेज स्थिर ठेवणं मात्र काहींनाच जमतं, आणि किंमत बरीच जास्त.

बरेच टीव्ही 100 ते 240 व्होल्टवर चालतात. त्यांना चांगला प्रोटेक्टर पुरे. व्होल्टेज सतत खालीवर होत असेल, तर रेग्युलेशन असलेला, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा कंडिशनरच घ्या. ग्राउंड लूपमुळे, म्हणजे जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्यामुळे, स्पीकरमध्ये येणारी घुंई मात्र तो सहसा घालवत नाही.