एकाच विमान कंपनीबरोबर ५८ उड्डाणं: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

कामासाठी फिरावंच लागतं, तर निदान पुण्य एकाच खात्यात साचू दे, असा हिशेब करून चौदा महिन्यांपूर्वी मी सगळी तिकिटं एकाच विमान कंपनीची काढायला सुरुवात केली. आजवर ५८ उड्डाणं झाली. दहाव्या महिन्यात गोल्ड कार्ड, म्हणजे वरचेवर उडणाऱ्यांना कंपनी देते ते खास सवलतींचं कार्ड, आलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा नावाभोवतीच फिरते, आणि पुढे जे रडगाणं आहे ते थोड्याफार फरकाने बऱ्याच कंपन्यांना लागू पडेल.

आधी सीट. जाहिरातीतल्या ‘ऐसपैस’ला काही अर्थ नसतो, मोजायचा तो पिच, म्हणजे आपल्या सीटवरच्या एका बिंदूपासून पुढच्या सीटवरच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर. इकॉनॉमीत ते साधारण २८ ते ३२ इंच असतं. या कंपनीच्या जुन्या विमानांत ३१ आहे, नव्यांत २९. गंमत म्हणजे नव्या विमानात माझे गुडघे कमी घासतात, कारण सीटची पाठ पातळ केली आहे आणि मासिकांचा कप्पा गुडघ्यांसमोरून काढून ट्रेच्या वर नेला आहे. त्या पातळ पाठीची शिक्षा तिसऱ्या तासापासून कंबर भोगते, ते वेगळं. त्यामुळे दोन तासांपर्यंत नवं विमान, त्यापुढे जुनं, असं माझं गणित बसलंय. आणि आपत्कालीन दाराच्या रांगेसाठी जादा पैसे भरणार असाल तर अशा दोन रांगा एकापाठोपाठ आहेत का ते बघा. असतील तर पुढच्या रांगेची पाठ बहुधा मागे झुकत नाही. मी दोनदा फसले.

लांबच्या प्रवासात कंपनीपेक्षा विमान कोणतं याने जास्त फरक पडतो, हे मला फार उशिरा कळलं. बहुतेक विमानांत आतल्या हवेचा दाब सुमारे ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका उतरू देतात. बोइंग ७८७ मध्ये ही मर्यादा ६,००० फुटांच्या आसपास आहे. सांगाडा कार्बन फायबरचा असल्याने त्याला तो ताण झेपतो, शिवाय गंजण्याची भीती कमी म्हणून आतली हवाही जरा दमट ठेवता येते. त्यातून उतरल्यावर डोकं जड नसतं. यात कंपनीचं कर्तृत्व एवढंच की तिने ते विमान घेतलं. त्या विमानासाठी म्हणून मी तिकीट काढलं आणि आयत्या वेळी दुसरंच लावलं, असंही तीनदा झालं.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोरड्या हवेत नि कमी दाबात मीठ-साखरेची चव मंदावते, म्हणून निम्मा दोष माफ. उरलेला निम्मा नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र कंपनी स्वतःची पाठ फार थोपटून घेते. या धंद्यात १५ मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरतात, आणि वेळापत्रकातच आधी थोडी जास्तीची मिनिटं पेरून ठेवलेली असतात. त्यामुळे विमान २० मिनिटं ‘लवकर’ उतरतं, घोषणा आनंदाने होते, आणि मग गेट रिकामं नाही म्हणून आपण तेवढीच मिनिटं धावपट्टीच्या कडेला बसून काढतो.

या सगळ्यासह मी कंपनीला बऱ्यापैकी गुण दिले असते. माझं मत बदललं ते अकराव्या महिन्यातल्या एका रात्री. दिवसाचं शेवटचं उड्डाण होतं. आधी ४० मिनिटं उशीर, मग सव्वा तास, मग आणखी. आमचं विमान अजून मागच्या विमानतळावरून निघालेलंच नाही, हे मला फोनवरच्या ट्रॅकिंग अ‍ॅपवर दिसत होतं. गेटवरच्या फलकावर मात्र ‘लवकरच’. अखेर ते आलं तेव्हा क्रूच्या ड्यूटीची मर्यादा संपली होती आणि उड्डाण रद्द. यात क्रूची काही चूक नाही, थकलेल्या वैमानिकाबरोबर मला जायचंही नाही. पण हे असंच होणार हे दोन तास आधी कळायला ज्योतिष लागत नव्हतं.

दीडशे माणसं आणि दोन काउंटर. माझा नंबर लागला तेव्हा काउंटरवरची मुलगी कळवळून म्हणाली, “मॅडम, माझ्या स्क्रीनवर परवा दुपारशिवाय काहीच दिसत नाही.” मी बाजूला होऊन गोल्डवाल्यांच्या नंबरवर फोन लावला. सहा मिनिटांत सकाळच्या विमानात जागा मिळाली, तीही दुसऱ्या कंपनीच्या. दोघी एकाच कंपनीच्या, माझं बुकिंगही तेच. फरक इतकाच की फोनवरचीला दुसऱ्या कंपनीत जागा काढून द्यायची मुभा होती, काउंटरवरचीला नव्हती. रांगेत माझ्या मागे एक वयस्कर काका होते, त्यांनाही तिथेच जायचं होतं. त्यांचंही काम करता का, म्हणून फोनवरचीला विचारलं. “त्यांचा पीएनआर वेगळा आहे, त्यांना साध्या नंबरवर फोन करावा लागेल.” साध्या नंबरवर ५० मिनिटांची प्रतीक्षा होती. काका म्हणाले, “जा बाई तुम्ही,” आणि मी गेले. त्याचं अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मला त्या कार्डाकडे नीट बघता आलं. लाउंज, आधी बोर्डिंग, बॅगेवरची नारिंगी पट्टी ही सगळी सजावट. खरं विकत मिळतं ते निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसापर्यंतचं जवळचं अंतर. विमानात हे उलट असतं, म्हणून तिथली सेवा मला कायम चांगली वाटत आलीय. एकदा माझ्या सीटची पाठ सरळच होईना. पर्सरने, म्हणजे केबिन क्रूच्या प्रमुखाने, येऊन पाहिलं, मला दुसरीकडे बसवलं, बिघाड नोंदवला. चार मिनिटांत विषय संपला. तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

त्या दुसऱ्या कंपनीच्या विमानाने मी पोचले, बॅग नाही. बेल्ट थांबल्यावर तिथून न हलता पीआयआर, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अर्ज, भरून घ्या आणि त्याचा क्रमांक जपून ठेवा. बॅग तिसऱ्या दिवशी आली, एक चाक तुटून. आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, उशिराची २१ दिवसांत. मी दुसऱ्याच दिवशी केली. नवी बॅग मिळाली, पण पाच ई-मेलनंतर, आणि पाचही उत्तरं वेगवेगळ्या माणसांची, प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगायची.

पॉइंटांची तर वेगळीच तऱ्हा. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये अशी योजना आणली तेव्हा जितकं अंतर उडाल तितके मैल, म्हणजे पॉइंट, खात्यात, असा सरळ व्यवहार होता. आता कित्येक कंपन्यांत मैल तिकिटाच्या रकमेवर ठरतात, माझ्याही. वर, फुकट तिकिटाला लागणारे पॉइंट मध्येच वाढले आणि मला ते तिकीट काढायला गेल्यावर कळलं.

कार्ड टिकवायला अजून नऊ उड्डाणं हवीत. पुढच्या आठवड्याचं तिकीट मात्र मी दुसऱ्या कंपनीचं काढलंय. मध्ये विमान बदलायचं नाही, आणि सकाळचं पहिलं उड्डाण. त्या वेळचं विमान बहुधा रात्रभर तिथेच उभं असतं, त्यामुळे आदल्या उड्डाणाचा उशीर आपल्या माथी येत नाही.