मुळशी रोडवरची देशी झाडांची नर्सरी: ४ स्टार, एक कापला लेबलसाठी

गच्चीवर मधमाश्या याव्यात म्हणून झाडं घ्यायला गेलो होतो, डोक्यात होतं पिटुनिया, डबल झेंडू, असं काहीतरी रंगीबेरंगी. नर्सरीवाल्या काकांनी आधी विचारलं, ऊन किती वाजेपर्यंत असतं आणि औषध कुठलं मारता? जास्वंदीवरच्या माव्यासाठी इमिडाक्लोप्रिड म्हटलं तर कपाळावर हातच मारला त्यांनी. म्हणे ते झाडात भिनतं, मधात आणि परागात उतरतं, म्हणजे माशीला जेवायला बोलवायचं आणि विष वाढायचं. आणि डबल झेंडूत नुसत्या पाकळ्याच पाकळ्या, माशीच्या हाती काही लागत नाही. समोर ट्रे भरून ठेवलेला माल स्वतःच नको म्हणणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदा बघितला.

मग अडुळसा, निर्गुडी, पिवळी कोरांटी, धायटी आणि ३ तुळशी घेतल्या, सगळं मिळून ४२० रुपये.

तुळशीवरून घरात वाद झालाच. आई मंजिरी दिसली की खुडते, नाहीतर तुळस लवकर वाळते म्हणते, आणि ते खरंही आहे, पण माश्या येतात त्या मंजिरीवरच ना! शेवटी तह झाला, वृंदावनातली आईची, कठड्यावरच्या दोन माश्यांच्या. आता सकाळी नऊनंतर तिथे फुलोरी माश्या असतातच. अडुळसा थंडीत फुलला, पांढऱ्या फुलाच्या खालच्या ओठावर जांभळट रेघा असतात आणि काळा भुंगा येऊन धप्पकन बसला की अख्खा दांडा वाकतो.

खरी गंमत मात्र जुन्या वांग्याच्या कुंडीत. निळ्या पट्ट्यांची एक माशी येते, फुलाला मिठी मारते आणि अंग असं थरथरवते की मोबाईल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखा झर्र आवाज येतो, वांग्याचा पराग बारीक भोकातून बाहेर पडतो तो अशाच धक्क्याने, साध्या मधमाशीला हे जमत नाही म्हणे. माझा चहा रोज गार होतो.

आता तक्रार. पिवळी कोरांटी तीन महिन्यांनी फुलली ती जांभळी. माश्यांना फरक पडला नाही, मला पडला! धायटी तर महिन्यात गेली, उपटून बघितली तर मुळं पिशवीच्या आकारात वेटोळं घालून बसलेली, रोप बरेच दिवस पिशवीतच पडून असणार. फोटो पाठवल्यावर दुसरं रोप फुकट दिलं, कुरकुर न करता, पण परत तेवढ्यासाठी १८ किलोमीटर जावं लागलं. रेंज नसते त्यामुळे कॅश न्या आणि रविवारी जाऊ नका.

कारवी मागितली तर काका म्हणाले, सात वर्षांनी एकदा फुलणार, कुंडीत काय करताय तिचं? मी तरी एक रोप आणलंय.